फट, दाब आणि दावा : ग्लायडरच्या चाकाच्या झडपा बंदिस्त करण्याविषयीच्या विचाराची चिकित्सा

गोषवारा

इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरचे चाक उड्डाणानंतर पोटात ओढून घेतले जाते आणि त्यावर झडपा मिटतात. या झडपांच्या कडांना राहणारी फट बुजविल्यास हवेचा विरोध कमी होतो, असे ग्लायडिंगविषयक लेखनात वारंवार सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची तीन अंगांनी चिकित्सा केली आहे : फायदा नेमका कशामुळे होतो, तो मोजला कसा जातो आणि त्यासाठी कोणती किंमत द्यावी लागते. फटीच्या रुंदीइतकाच तिच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक निर्णायक असतो, आणि लहान फायद्याचा दावा त्याच्या अनिश्चिततेसह मांडला गेला तरच तो शास्त्रीय ठरतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : ग्लायडर, कर्षण, सीमास्तर, दाबफरक, मोजमापाची अनिश्चितता, सुरक्षितता.

प्रस्तावना

मृग आणि आर्द्रा ही नक्षत्रे जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाची आहेत. खरिपाच्या पेरणीचे गणित त्यांच्यावरच बसविले जाते. भारताच्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जे ग्लायडर तयार केले, त्यांनाही अश्विनी, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा अशी नक्षत्रांचीच नावे देण्यात आली, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नाही. महाराष्ट्रात ग्लायडिंगचे शिक्षण पुण्यानजीक हडपसर येथील केंद्रात दिले गेले. मराठवाड्यातील महाविद्यालयीन जगाला हा विषय परकाच राहिला. तरीही या विषयातील एक लहानसा प्रश्न विज्ञानाच्या, अभियांत्रिकीच्या आणि एकूणच संशोधनपद्धतीच्या अध्यापकांनी विचारात घ्यावा इतका बोधक आहे.

हा प्रश्न चाकाच्या झडपांचा आहे. ग्लायडरच्या आरंभकाळी तो उद्भवलाच नव्हता. १९२० साली जर्मनीतील वासरकुप्पे टेकडीवर ग्लायडरच्या स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा बहुतेक ग्लायडर लाकडी पट्टीवर घसरत उतरत. १९२१ मधील हानोव्हरच्या ‘व्हँपायर’ या प्रसिद्ध ग्लायडरने तर चाकांच्या जागी चामड्याचे तीन फुटबॉल बसविले होते. पुढे चाक आले, आणि बराच काळ ते अर्धे बाहेर, अर्धे आत असे स्थिरच राहिले. १९५८ साली पोलंडमधील लेश्नो येथील जागतिक स्पर्धेत प्रथमच दाखल झालेल्या ‘स्टँडर्ड’ वर्गाच्या आरंभीच्या नियमांनी चाक आत घेण्यास मनाईच केली होती, कारण ग्लायडर साधा व स्वस्त राहावा असा त्या वर्गाचा हेतू होता. नंतर ही मनाई उठली. १९५७ मध्ये उडालेल्या ‘फिनिक्स’पासून काचतंतूंचे ग्लायडर आले आणि त्यांचे पृष्ठभाग इतके गुळगुळीत झाले की बाहेर राहिलेले चाक डोळ्यांत खुपू लागले. चाक आत गेले, त्यावर झडपा आल्या आणि झडपांबरोबर फटीही आल्या.

घारीचे उदाहरण येथे आठवते. उन्हाळ्यात तापलेल्या काळ्या रानावरून वर चढणाऱ्या हवेत ती घिरट्या घालते, तेव्हा तिचे पाय पोटाखालच्या पिसांत दडलेले असतात आणि पिसे त्यांच्यावर अशी मिटतात की फट म्हणून उरत नाही. मनुष्याने केलेल्या झडपेला ही सोय नाही. तिला बिजागरी असते, कड असते आणि ती उघडण्यासाठी थोडी मोकळी जागाही ठेवावी लागते. ही मोकळी जागा पट्टी, रबर किंवा फोम लावून बंद करावी, असा सल्ला ग्लायडरच्या कार्यशाळांतून व त्याविषयीच्या लेखनातून दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. परंतु तो ज्या युक्तिवादावर आणि ज्या आकड्यांवर उभा केला जातो, ते तपासून घेणे आवश्यक आहे.

१. प्रश्नाचे आकारमान

कोणत्याही दाव्याची चिकित्सा करण्यापूर्वी तो केवढ्या गोष्टीविषयी आहे हे ठरविले पाहिजे. वैमानिकासह ४०० किलोग्रॅम वजनाचा एक ग्लायडर घ्यावा. एक मीटर उंची गमावून तो ४० मीटर अंतर कापतो, असे मानावे. आधुनिक ग्लायडरच्या दृष्टीने हा आकडा मध्यमच आहे. स्थिर गतीने सरकताना त्याच्या वजनाचे व हवेच्या विरोधाचे गुणोत्तरही ४० असते. म्हणजे या ग्लायडरला होणारा हवेचा एकूण विरोध, परिभाषेत ज्यास कर्षण म्हणतात, तो केवळ १० किलोग्रॅम भाराइतका आहे. त्याचा एक टक्का म्हणजे १०० ग्रॅम. चाकाच्या झडपांविषयीचा सारा वाद या शंभर ग्रॅमच्या आसपास घोटाळतो.

शंभर ग्रॅम क्षुल्लक वाटतात, पण तसे ते नाहीत. एक हजार मीटर उंचीवरून हा ग्लायडर ४० किलोमीटर जातो. एक टक्का सुधारणा झाल्यास आणखी सुमारे ४०० मीटर मिळतात. सुरक्षित मैदान आणि त्याअलीकडचे शेत यांत इतके अंतर सहज असू शकते. शिवाय कर्षणाचे दोन भाग पडतात. पंखांनी उत्थापक बल निर्माण केल्यामुळे येणारा भाग गती वाढते तसा घटतो, तर पृष्ठभागाचे घर्षण, सांधे व फटी यांमुळे येणारा भाग गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सर्वोत्तम सरकगतीला हे दोन्ही भाग साधारण समान असतात. ही गती ताशी १०० किलोमीटर मानली, तर ताशी १८० किलोमीटरला पहिला भाग ५ किलोग्रॅमवरून सुमारे दीड किलोग्रॅमवर उतरतो आणि दुसरा ५ वरून १६ किलोग्रॅमच्या वर चढतो. फटीचे जे कर्षण मंद गतीला १०० ग्रॅम होते ते आता ३२४ ग्रॅम होते, आणि एकूण पावणेअठरा किलोग्रॅममध्ये त्याचा वाटा एक टक्क्यावरून जवळजवळ दोन टक्क्यांवर जातो. म्हणूनच फटी बुजविण्याचा आग्रह स्पर्धेत वेगाने उडणाऱ्यांकडून अधिक होतो. गतीचा उल्लेख न करता सांगितलेला ‘टक्क्यांचा’ फायदा अपुरा ठरतो, ही या चिकित्सेतील पहिली नोंद होय.

२. दोष फटीचा की दाबाचा?

फटीमुळे कर्षण का वाढते, याचे लोकप्रिय उत्तर असे दिले जाते : गुळगुळीत पृष्ठभागावर खाच पडली की हवा तिथे अडखळते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराला, म्हणजे सीमास्तराला, खाचेमुळे बाधा पोचते हे खरे. ग्लायडरच्या नाकाकडील भागावर हा थर शांत, स्तरीय अवस्थेत असतो व तेथील लहान उंचवटाही त्याला संक्षुब्ध करू शकतो. परंतु चाकाची झडप पोटाखाली, बैठकीच्या मागील बाजूस असते. तेथे पोचेपर्यंत थर आधीच संक्षुब्ध झालेला असेल, तर केवळ खाचेचा उपद्रव मर्यादित राहतो.

मोठे कारण निराळे आहे. ग्लायडरचे धड पोकळ असते. वैमानिकाला हवा मिळावी म्हणून नाकाशी एक छिद्र ठेवलेले असते, त्यातून हवा आत येते आणि आतील दाब वाढतो. आत आलेली हवा बाहेर जाण्याची वाट शोधते. बाहेरील दाब जेथे कमी, तेथून ती निसटते : चाकाच्या कोठीतून, नियंत्रणदांड्यांच्या छिद्रांतून, पंखातील हवाई गतिरोधकांच्या कप्प्यांतून. प्रत्येक ठिकाणी बाहेर पडणारी ही मंद हवा बाहेरच्या वेगवान प्रवाहात घुसते आणि सीमास्तराला पृष्ठभागापासून वर लोटते. जी हवा आत आली तिचा संवेगही ग्लायडरनेच गिळलेला असतो, आणि त्याची भरपाई कर्षणाच्या रूपाने करावी लागते.

ही भरपाई किती, याचा अंदाज पदवीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रानेही बांधता येतो. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत ताशी १०० किलोमीटर गतीला हवेचा गतिक दाब सुमारे ४७० पास्कल, म्हणजे पाण्याच्या ४८ मिलिमीटर स्तंभाइतका असतो. झडपेभोवती एकूण एक मीटर लांब व २ मिलिमीटर रुंद फट आहे आणि तिच्या दोन बाजूंच्या दाबांत गतिक दाबाच्या दहाव्या हिश्श्याइतका फरक आहे, असे गृहीत धरावे. फटीतील आकुंचन विचारात घेता तिच्यातून सेकंदाला सुमारे १० लिटर हवा वाहील. या हवेने गमावलेल्या संवेगामुळे येणारे कर्षण सुमारे ३५ ग्रॅम भाराइतके भरते, म्हणजे एकूण कर्षणाच्या एक तृतीयांश टक्क्याच्या आसपास. सीमास्तराला पोचणारा उपद्रव याखेरीज. हा हिशेब केवळ आकारमान दाखविणारा आहे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : दोन बाजूंचा दाब सारखा असेल, तर तीच फट जवळजवळ निरुपद्रवी ठरते.

जालन्यातील पोलाद उद्योगाशी परिचित असलेल्यांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. पुनर्तापन भट्टीच्या दाराला फट असते. आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडला तर थंड हवा आत शिरते व इंधन वाया जाते. तो फार वाढला तर ज्वाळा दारातून बाहेर येतात. म्हणून अनुभवी मंडळी दाराची डागडुजी करतातच, पण त्याबरोबर धुराड्याचा पडदा कमीजास्त करून आतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचितच अधिक राहील असे पाहतात. फट आणि दाब या दोहोंचा विचार तेथे एकत्रच होतो.

ग्लायडरच्या बाबतीत यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. चाकाच्या झडपा पूर्ण बंद केल्या आणि नाकातून येणाऱ्या हवेला दुसरी वाट ठेवली नाही, तर तीच हवा पंखातील गतिरोधकांच्या कप्प्यांकडे वळते. हे कप्पे पंखाच्या वरच्या अंगास असतात. तेथे दाब पुष्कळ कमी असतो आणि सीमास्तराचे मोलही सर्वांत जास्त असते. पोटाखालची एक गळती थांबवून पंखावर दुसरी सुरू करणे हा घाट्याचा व्यवहार होय. म्हणून विचारी रचनाकार चाकाची कोठी धडापासून स्वतंत्र पेटीसारखी वेगळी करतात, पंखाच्या मुळाशी अडसर घालतात आणि आतील हवेला मागील बाजूस प्रवाहाच्या दिशेने बाहेर पडण्यासाठी खास वाट ठेवतात. झडपेची पट्टी हा या योजनेचा एक घटक आहे. तिला एकटीला श्रेय देणारे लेखन कारणाची मांडणी अपुरी ठेवते, ही दुसरी नोंद होय.

३. मोजमापाच्या परंपरा

आता मोजमापाकडे वळता येईल. वर घेतलेला ग्लायडर ताशी १०० किलोमीटर गतीला सेकंदाला सुमारे ६९ सेंटिमीटर खाली येतो. एक टक्का सुधारणा म्हणजे सेकंदाला सात मिलिमीटरचा फरक. तीनशे मीटर खाली येण्यास त्याला सुमारे ४३० सेकंद लागतात. सुधारणेनंतर त्यांत चार सेकंदांची भर पडेल. मात्र ज्या हवेत हे मोजायचे तीच सेकंदाला केवळ एक सेंटिमीटर वर वा खाली सरकत असेल, तरी दीड टक्क्याच्या आसपास चूक होते. निवांत दिसणाऱ्या पहाटेच्या हवेतही इतकी हालचाल असू शकते. फायद्यापेक्षा मोजमापातील चूक मोठी असण्याचा हा प्रकार आहे आणि या विषयावरील लेखनाचा कस येथेच लागतो.

या अडचणीला सामोऱ्या जाणाऱ्या तीन परंपरा दिसतात. पहिली परंपरा ऑगस्ट रॅस्पेट यांची. मिसिसिपी येथील राज्य महाविद्यालयात काम करणाऱ्या या भौतिकशास्त्रज्ञाने आकाशात गिधाडामागे ग्लायडर उडवून पक्ष्याच्या सरकण्याचे मोजमाप घेतले होते. ‘आरजे-५’ या ग्लायडरवर त्यांनी रिचर्ड जॉन्सन यांच्यासमवेत टप्प्याटप्प्याने सुधारणा केल्या. पृष्ठभाग नितळ करणे, सांधे व गळत्या बंद करणे अशा पायऱ्या घेत त्याचे गुणोत्तर ४० च्या घरात नेले गेले. त्या काळी हा आकडा अपूर्व होता. याच ग्लायडरने १९५१ साली जॉन्सन यांनी टेक्सासमधील ओडेसा येथून ५३५ मैलांचे, म्हणजे सुमारे ८६१ किलोमीटरचे, विक्रमी अंतर कापले. या कामाचे मोल विक्रमात जितके आहे तितकेच पद्धतीत आहे. एका वेळी एक बदल करावा, नंतर मोजावे आणि मगच पुढे जावे, हा धडा त्यातून मिळतो.

दुसरी परंपरा जॉन्सन यांनीच पुढे चालविली. १९७० च्या दशकापासून ‘सोअरिंग’ या अमेरिकी मासिकात त्यांनी निरनिराळ्या ग्लायडरच्या उड्डाणचाचण्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. शांत हवेत ठराविक उंची गमावण्यास लागणारा वेळ मोजावा, गतिमापकाची चूक आधी तपासावी आणि प्रत्येक मोजणीचा बिंदू आलेखावर दाखवावा, अशी त्यांची रीत होती. त्यांनी मोजलेली गुणोत्तरे उत्पादकांच्या आकड्यांपेक्षा अनेकदा कमी भरत. यातून निर्माण झालेल्या वादांपेक्षा त्यांच्या आलेखांवरील विखुरलेले बिंदू अधिक बोलके आहेत. रेषा कोठून काढली हे वाचकाला दिसते, आणि ती थोडी वर किंवा खाली काढता आली असती हेही दिसते. या पद्धतीची मर्यादाही तितकीच उघड आहे. बदलाआधीची व बदलानंतरची उड्डाणे निरनिराळ्या वेळी होतात, तेव्हा दोन वेळांच्या हवेतील फरक सुधारणेच्या खात्यावर जमा होण्याचा धोका राहतो.

तिसरी परंपरा जर्मनीतील विद्यार्थी-उड्डाणगटांच्या ‘इडाफ्लिग’ या संघटनेची आणि तेथील अवकाश व विमानसंशोधन संस्थेची. त्यांनी तुलनात्मक उड्डाणाचा मार्ग विकसित केला. ज्याचे गुणधर्म काळजीपूर्वक निश्चित केलेले आहेत असा एक संदर्भ-ग्लायडर आणि परीक्षणाधीन ग्लायडर शेजारीशेजारी उडवायचे, आणि दोहोंच्या उंचीतील फरक मोजायचा. संदर्भ म्हणून दीर्घकाळ ‘डीजी-३००/१७’ हा ग्लायडर वापरला गेला. हवा वर चढली तर दोघेही वर जातात आणि तिची लबाडी बऱ्याच अंशी परस्पर रद्द होते. बाजारात एका तराजूविषयी शंका आली, तर तेच धान्य दुसऱ्या खात्रीच्या तराजूवर घालून पाहावे, तसा हा प्रकार आहे. तरीही संदर्भ-ग्लायडर स्वतः अचूक जोखलेला असणे आणि दोन्ही वैमानिकांनी गती काटेकोर राखणे या दोन अटी उरतातच.

या तीन परंपरांबाहेर आणखी एक मोठा प्रवाह आहे : कार्यशाळेतील अनुभवाचा. ‘पट्टी लावली आणि ग्लायडर चांगला जाऊ लागला’ या स्वरूपाचे ते कथन असते. त्याला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पट्टीचा कोणता प्रकार टिकतो, कोणता रंग उखडतो, कोणता फोम पाणी धरतो हे ज्ञान त्याच प्रवाहातून आलेले आहे. मात्र त्यातील टक्केवारी वेगळी काढून पाहिली पाहिजे. ज्याने तासन् तास खपून फटी बुजविल्या, त्याला त्या दिवशीचा चांगला प्रवास आपल्या श्रमाचे फळ वाटणे स्वाभाविक आहे. शास्त्र त्याच्या प्रामाणिकपणावर संशय घेत नाही. ते केवळ एवढेच विचारते की, पट्टी नसती तर त्याच दिवशी काय झाले असते?

४. श्रेयाचे वाटप

रॅस्पेट यांच्या धर्तीच्या क्रमवार सुधारणांतही एक सूक्ष्म अडचण दडलेली आहे. समजा, आधी झडपांच्या फटी बुजविल्या, नंतर पंखमुळाशी अडसर घातला आणि शेवटी हवेला मागून वाट दिली. प्रत्येक पायरीनंतर मोजमाप घेतले. पहिल्या पायरीला काहीच फायदा दिसला नाही, दुसरीला थोडा दिसला आणि तिसरीला बराच. यावरून झडपा बुजविणे निरर्थक होते असे म्हणता येईल का? क्रम उलटा केला असता तर श्रेय बहुधा झडपांकडे गेले असते. हवेच्या वाटा परस्परांशी जोडलेल्या असल्यामुळे एकीचा परिणाम इतर वाटा उघड्या आहेत की बंद यावर अवलंबून असतो. अशा व्यवस्थेत ‘अमुक सुधारणेचा हिस्सा अमुक टक्के’ असे विधान क्रम सांगितल्याशिवाय अर्थपूर्ण होत नाही.

हा विचार ग्लायडरपुरता मर्यादित नाही. ठिबक सिंचन, सुधारित बियाणे आणि खताची मात्रा हे तिन्ही एकाच हंगामात बदलून उत्पन्नवाढीचे श्रेय बियाण्याला देणारे निष्कर्ष, किंवा नवी अध्यापनपद्धती, नवे पाठ्यपुस्तक व नवा अध्यापक एकाच वर्षी आणून निकालातील वाढ पद्धतीच्या नावे मांडणारे प्रकल्प, याच दोषाचे बळी ठरतात. फरक इतकाच की, ग्लायडरच्या बाबतीत हा दोष शंभर ग्रॅमच्या तराजूवर लख्ख दिसतो.

५. बंद करण्याची किंमत

झडपेविषयीच्या बऱ्याच चर्चेत ती उड्डाणाचा भाग म्हणून पाहिली जाते. प्रत्यक्षात तिचे पहिले कर्तव्य उघडणे हे आहे. चाक बाहेर काढताना झडप अडली, तर ग्लायडर पोटावर उतरेल आणि वैमानिकाच्या पाठीच्या कण्याला इजा होऊ शकेल. अतिशय घट्ट बसविलेले रबर, उन्हाने चिकट झालेली पट्टी, ओल धरून फुगलेला फोम हे सारे झडपेच्या हालचालीत अडथळा आणू शकतात. ज्या पट्टीने शंभर ग्रॅम वाचविले, तिनेच चाक अडविले तर हिशेब कोणत्या भाषेत मांडायचा?

येथे भूगोलाचाही संबंध येतो. ग्लायडिंगविषयक लेखनाचा बराच भाग युरोपातील गवताळ मैदाने गृहीत धरून झालेला आहे. जालना, परभणी, बीड या पट्ट्यातील काळी जमीन निराळी. उन्हाळ्यात तिला हाताएवढ्या भेगा पडतात व वर बारीक माती उडते. पाऊस पडून गेल्यावर हीच माती चाकाला लगद्यासारखी चिकटते. बैलगाडीचे चाक काळ्या चिखलात कसे जड होते हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा शेतात उतरलेल्या ग्लायडरच्या चाकाने उचललेली माती कोठीत व झडपेच्या कडेला बसेल, वाळेल आणि दगडासारखी घट्ट होईल. तेव्हा फट शून्यावर आणणारी योजना येथे धोक्याची ठरेल. लवचीक ओठासारखी पट्टी, सहज निघणारी व पुसता येणारी कड आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी झडप हाताने उघडमीट करून पाहण्याची शिस्त या गोष्टी तेथे अधिक मोलाच्या होत. त्यातही, मान्यताप्राप्त रचनेत असा कोणताही बदल विमानयोग्यतेच्या नियमांच्या चौकटीतच करावा लागतो. तो वैमानिकाच्या खासगी हौसेचा विषय राहत नाही.

फ्रेड थॉमस यांचा ग्लायडर-रचनेवरील जर्मन ग्रंथ १९७९ मध्ये आणि त्याचे इंग्रजी रूप १९९९ मध्ये उपलब्ध झाले. डेल्फ्ट येथील लोएक बोअरमान्स यांनी ग्लायडरच्या वायुगतिकीवर दीर्घकाळ संशोधन केले. या तोलाच्या अभ्यासात ग्लायडर हा तडजोडींचा समुच्चय म्हणून समोर येतो. त्यावरून बेतलेल्या सुट्या सल्ल्यांत मात्र तडजोड गळून पडते आणि कृती तेवढी उरते. ज्ञान जसजसे सल्ल्यात रूपांतरित होते, तसतशा त्याच्या अटी गळत जातात. सल्ल्यांच्या या परंपरेवरील ही तिसरी नोंद होय.

६. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने

हा प्रश्न वर्गात नेण्यासाठी ग्लायडर लागत नाही. प्लायवूडची एक बंद पेटी, तिला बिजागरीची एक झडप, एका अंगास छिद्र आणि समोर टेबलपंखा एवढी सामग्री पुरे. सेकंदाला पाच मीटर वेगाच्या वाऱ्याचा गतिक दाब केवळ १५ पास्कल, म्हणजे पाण्याचा दीड मिलिमीटर इतकाच असतो. सरळ यू-नळीत तो वाचता येणार नाही. नळी दहास एक या चढाने तिरकी ठेवली, तर तोच फरक पंधरा मिलिमीटर लांबीत दिसतो. फटीजवळ उदबत्ती धरली की धूर आत ओढला जातो की बाहेर ढकलला जातो हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांना कळते. नंतर पेटीच्या मागील बाजूस दुसरे छिद्र पाडावे आणि धुराची दिशा कशी बदलते ते पाहावे. तीच मोजणी दहा वेळा करून दहाही आकडे फळ्यावर लिहावेत. त्यांतील तफावत फायद्यापेक्षा मोठी आली, तर तसेच नोंदवावे. एखादा निष्कर्ष काढता येत नाही हे पुराव्यासह सांगता येणे, हेही प्रयोगाचे फलितच असते.

आजच्या विद्यार्थी-प्रकल्पांत व शोधनिबंधांत दोनतीन टक्क्यांची सुधारणा पूर्ण आत्मविश्वासाने मांडलेली वारंवार आढळते. तिच्याशेजारी मोजमाप किती वेळा घेतले, तफावत किती होती आणि इतर कोणत्या गोष्टी त्याच वेळी बदलल्या, याचा उल्लेख क्वचित असतो. परीक्षकही सुधारणा आहे म्हणून समाधान मानतात. जो निबंध ‘फरक आढळला नाही’ असे सांगतो, तो अपयशी मानला जातो. या वातावरणात विद्यार्थी लवकरच शिकतो की, आकडा मोठा असावा आणि शंका लहान. हे शिक्षण एकदा पक्के झाले की पुढे ते औषधाच्या चाचणीत, पुलाच्या तपासणीत आणि बियाण्याच्या उगवणक्षमतेच्या दाखल्यातही उतरते. तेथे चुकीची किंमत रोगी, प्रवासी आणि शेतकरी मोजतो.

समारोप

ग्लायडरच्या चाकाच्या झडपा बंदिस्त केल्याने हवेचा विरोध कमी होऊ शकतो. या विधानाला भौतिकशास्त्राचा आधार आहे आणि वेगवान उड्डाणात त्याचे मोल वाढते. मात्र हा फायदा फटीच्या दोन बाजूंच्या दाबांवर, धडातील इतर वाटांवर आणि सुधारणांच्या क्रमावर अवलंबून असतो. तो मोजताना हवेची किरकोळ हालचालही निकाल फिरवू शकते, म्हणून अनिश्चिततेविना दिलेला आकडा स्वीकारता येत नाही. आणि झडप उघडण्याची खात्री हा सर्व हिशेबाचा पहिला आकडा असला पाहिजे.

जॉन्सन यांच्या आलेखांवर विखुरलेले बिंदू तसेच ठेवलेले आहेत. रेषेबाहेर पडलेला बिंदू पुसून टाकणे सोपे होते आणि आलेख त्याने अधिक देखणा झाला असता. तो तसाच राहू दिल्यामुळे वाचकाला रेषेवर किती विश्वास ठेवायचा हे स्वतः ठरविता येते. विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत असा बिंदू दिसला, तर अध्यापकाने त्यावर लाल रेघ मारण्याआधी तो कसा आला हे विचारावे.